पंचेचाळीस फुटांच्या आत घर रिकामं: कोल्हापुरातल्या एका कुटुंबाचा पूर आराखडा

घरातल्यांची नावं दिलेली नाहीत, नात्यानंच उल्लेख केला आहे. गल्ली ओळखू येऊ नये म्हणून एकदोन तपशील मोघम ठेवले आहेत. बाकी सगळं त्यांनी सांगितलं तसं आणि मला दिसलं तसं.

पार्श्वभूमी

जयंती नाल्याच्या अंगाला असलेली ही एक जुनी गल्ली. घर दुमजली. खाली सोपा (पुढची बैठकीची खोली), स्वयंपाकघर, मागं मोरी आणि भाड्यानं दिलेली एक खोली. वर पत्र्याखाली दोन खोल्या. घरात आबा, आक्का, थोरला मुलगा, थोरली सून आणि कॉलेजात जाणारी नात. वय 78 असलं तरी आबांचा आवाज अजून तालमीतलाच आहे. आक्कांचे दोन्ही गुडघे गेलेत आणि मधुमेहासाठी रोज दोन वेळा इन्सुलिन लागतं. थोरला शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, सून पतसंस्थेत क्लार्क. धाकटा मुलगा पुण्यात, लेक उचगावला दिलेली.

इथं पूर नदीकडून धावून येत नाही. पंचगंगा फुगली की नाल्याला वाट मिळत नाही, पाणी उलटं मागं सरतं आणि गटारातून, चेंबरमधून, घरातल्या मोरीतून वर येतं. पुढच्या दारात रस्ता कोरडा असताना मागच्या मोरीत बुडबुडे येऊ लागतात. नदीकाठी न राहणाऱ्या माणसाला हे सांगून पटत नाही.

2005 च्या महापुरात ओट्याच्या पायरीला पाणी लागलं, आत आलं नाही. पुढं चौदा वर्षं घरात एकच वाक्य चाललं: "2005 ला आलं नाही, आता काय येतंय." ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाणारी पातळी 55 फुटांच्या वर गेली आणि सोप्यात छातीएवढं पाणी उभं राहिलं. पण तेव्हा पाणी बरेच दिवस हळूहळू चढत होतं. घरच्यांनी सावकाश आवराआवर केली आणि उचगावला गेले. भांडी-कपाटं गेली, माणसांना त्रास झाला नाही. त्यातून घरानं धडा घेतला तो असा की पूर आला तरी निघायला वेळ मिळतो. 2021 ला हाच धडा अंगाशी आला.

अडचण

22 जुलै 2021. दुपारी पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी गाठली, संध्याकाळी 43 फुटांची धोका पातळी ओलांडली. गल्लीत चर्चा 2019 चीच. सुनेनं जेवताना विषय काढला, निघायचं का म्हणून. आबा म्हणाले, "रातच्याला कुठं म्हातारीला घेऊन फिरायचं? सकाळी बघू की." थोरला दुसऱ्या पाळीला शिरोलीत होता. कोरोनाचे दिवस, लेकीकडं सासऱ्यांना नुकताच होऊन गेलेला, त्यामुळं तिकडं जायला संकोचही होता. म्हणजे निर्णय वेडेपणाचा नव्हता. त्या क्षणी प्रत्येकाचं म्हणणं बरोबरच वाटत होतं, आणि माझ्या मते खरी अडचण तिथंच होती.

पहाटे मोरीतून पाणी आलं. सुनेनं मोबाइलच्या उजेडात फोटो काढला. तो पुढं फार उपयोगी पडला. तासाभरात स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. फ्रिज उचलून डायनिंग टेबलावर ठेवायचं ठरलं, आणि नात, सून आणि मागच्या खोलीतला भाडेकरू असे तिघं त्यात अर्धा तास गुंतले. आक्कांना वर न्यायला तेवढाच उशीर झाला. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून अरुंद जिन्यानं वर चढवलं. खुर्चीचा एक पाय जिन्याच्या कठड्यात अडकला तेव्हा आक्का म्हणाल्या, "सोडा मला, मी इथंच बसतो." इन्सुलिन फ्रिजमध्येच राहिलं. दुपारपर्यंत टेबल तरंगायला लागलं, फ्रिज आडवा झाला.

वीज आधीच बंद केलेली होती. मोबाइल एकेक करून संपले. थोरला महामार्गाच्या पलीकडं अडकला, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं होतं. त्याला घरचं काही कळत नव्हतं, घरच्यांना त्याचं नाही. धाकटा पुण्याहून सगळ्यांना फोन लावत होता आणि प्रत्येकाकडून वेगळी बातमी ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तालमीच्या पोरांनी बोट आणून वरच्या खिडकीतून सगळ्यांना काढलं. तोवर आक्कांचे तीन डोस चुकले होते आणि साखर इतकी वाढली की दवाखान्यात ठेवावं लागलं. 24 जुलैला पातळी 56 फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळीपासून तिथवर जायला जेमतेम दोन दिवस लागले.

पर्याय

पाणी ओसरल्यावर चिखल काढून, टीसीएल पावडर मारून, पंचनामा होऊन घर मार्गी लागायला दिवाळी आली. त्यानंतर सुनेनं सगळ्यांना बसवलं. मीही त्या बैठकीला होतो.

पहिला पर्याय घर विकून आर. के. नगरसारख्या उंचावर जाण्याचा. गल्लीतल्या घराला पूरग्रस्त म्हणून मिळणारा भाव आणि वरच्या भागातला भाव यांचा मेळ बसेना. शिवाय आबांना तालीम सोडून जगता येईल असं कुणालाच वाटलं नाही. विषय दहा मिनिटांत मिटला.

दुसरा, वरच्या मजल्यावर थांबण्याचा. आबांचा कल याकडं होता आणि त्यामागं चोरीची भीती होती. पूरभागात पुरुषमाणूस मागं राहतो तो बहुतेक याच भीतीनं. बोलून दाखवत नाही एवढंच. वर राहिलं तर जीव वाचतो हे खरं. पण वीज नाही, संडास वापरता येत नाही, पाणी नाही. 2019 ला आणि 2021 ला बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि पूर न आलेल्या भागातही नळ कोरडे पडले होते. मधुमेहाच्या माणसाला अशा ठिकाणी चार दिवस ठेवायचं म्हणजे बोटीची वाट बघत बसायचं. आणि बोट हा काही भरवशाचा मार्ग नव्हे. 2019 ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती पुरातून सुटका करून घेतानाच.

तिसरा पर्याय महापालिकेच्या निवारा केंद्राचा. सुतारवाड्यातली माणसं दरवर्षी दसरा चौकातल्या मठात हलतात. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही आणि म्हणून ती वेळेत हलतात. आक्कांना खाली बसता-उठता येत नाही, म्हणून हा पर्याय दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. रद्द केला नाही.

चौथा, उचगावला लेकीकडं जाण्याचा. नदी ओलांडावी लागत नाही, लेकीचं घर पक्कं आणि उंचावर, जवळ दवाखाना. आबांचा आक्षेप एकच: लेकीच्या घरी किती दिवस राहायचं? यावर लेकच फोनवर म्हणाली, "आबा, तुम्ही बोटीत बसलेले टीव्हीवर बघायचं का मी?" तो आक्षेप तिथंच संपला.

जायचं कुठं हे असं ठरलं. निघायचं कधी आणि निघा म्हणायचं कुणी, हे ठरायचं राहिलं होतं. खरा वाद तिथं झाला.

काय केलं

सुनेनं मोरीचा तो फोटो पुन्हा उघडला आणि त्याची वेळ बघितली. मग त्या रात्रीचे जिल्हा नियंत्रण कक्षाचे पातळीचे मेसेज गल्लीच्या ग्रुपवर शोधले. दोन्ही ताडून बघितल्यावर कळलं, राजाराम बंधाऱ्यावर साधारण 48 फूट झाले की यांच्या मोरीत पाणी येतं. ओट्याला लागतं त्यानंतर. गल्लीच्या तोंडाशी, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेवर, त्याआधीच साचतं. शेजारच्या किराणावाल्यानं दुकानाच्या शटरवर खूण केली होती, त्यावरून ते 46 च्या आसपास निघालं. म्हणजे घरात पाणी शिरण्याआधीच वाट बंद होते. ही गोष्ट तिथं जन्म गेलेल्या आबांनाही कधी अशी मांडून दिसली नव्हती.

कोल्हापुरात पावसाळ्यात कुणीही कुणालाही "किती फूट झालं?" विचारतो. 39 इशारा, 43 धोका हे पोरासोरांना पाठ असतं. पण ते आकडे शहराचे झाले. आपल्या उंबऱ्याचा आकडा फार थोड्या घरांना माहीत असतो. मला विचाराल तर या कुटुंबाचं सगळ्यात मोलाचं काम हेच, बाकीचं त्यामागून आलं.

कागद एकच केला आणि तो देवघराशेजारी चिकटवला. त्यावरचे टप्पे असे:

39 फूट: औषधं, कागदपत्रं, चार्ज केलेली पॉवर बँक आणि दोन दिवसांचे कपडे भरलेली पिशवी दाराशी. गाड्यांत पेट्रोल. 2019 ला महामार्ग बंद पडल्यावर पेट्रोल फक्त अत्यावश्यक सेवांना मिळत होतं, हे लक्षात ठेवून.

41 फूट: इन्व्हर्टरची बॅटरी, मिक्सर, गाद्या, धान्याचे डबे वर. फ्रिज, कपाटाला हात लावायचा नाही. दोन्ही दुचाकी उचगावला.

43 फूट: आक्का, आबा आणि नात उचगावला.

45 फूट: मेन स्विच बंद, रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीनं बांधायचा (अर्धा रिकामा सिलिंडर तरंगतो आणि वाहूनही जातो), संडासाच्या भांड्यात आणि मोरीवर वाळूच्या पिशव्या, दाराला कुलूप. घरात कुणी नाही.

याखाली दोन जोडनियम. तीन तासांत फूटभर पाणी चढलं, तर पुढचा टप्पा आत्ताच लागू. आणि रात्री 45 होणार असं दिसत असेल, तर दिवेलागणीआधी निघायचं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात, रात्र आहे की दिवस हे ते बघत नाहीत. प्रत्येक दरवाज्यातून 1428 क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी भोगावती नदीत येतं आणि काही तासांनी ते इथं पोहोचतं. किती दरवाजे उघडले हे संध्याकाळी कळलं, तर रात्रीचा अंदाज बांधता येतो.

निघा म्हणायचं कुणी? सुनेनं म्हटलं तर आबांना लागणार, आबांवर सोडलं तर 2021 पुन्हा घडणार. तोडगा नातीनं काढला. पावसाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ पातळी वहीत लिहायचं काम तिनं आबांकडं दिलं. वहीत 43 लिहिलं की निघायचं, चर्चा नाही. आबांचा मान राहिला आणि हुकूम आकड्याचा झाला. आबा वहीत पातळीबरोबर दरवाजे, पाऊस, वाराही लिहू लागले. गल्लीतली माणसं आता त्यांनाच विचारायला येतात.

आक्कांच्या इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारून ठरवलं: वापरात असलेली बाटली महिनाभर फ्रिजबाहेर, उन्हापासून दूर राहू शकते. राखीव बाटल्यांसाठी लहान मडकं, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून. मडकं पिशवीशेजारीच ठेवलेलं असतं. सुया, ग्लुकोमीटर, शेवटची चिठ्ठी पिशवीत. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, रेशनकार्ड, विम्याचे कागद जाड प्लास्टिकमध्ये आणि त्यांचे फोटो पुण्याला धाकट्याकडं. दागिने जूनमध्येच बँकेच्या लॉकरमध्ये. ती शाखा तळघरात नाही हे सुनेनं स्वतः जाऊन पाहिलं. निघण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढायचा, पंचनाम्याला उपयोगी पडतो.

निरोपांसाठी धाकटा हे केंद्र. आपापसात फोन लावत बसायचं नाही. प्रत्येकानं त्यालाच साधा एसएमएस करायचा, तो सगळ्यांना कळवेल. नेट बंद असलं तरी एसएमएस बऱ्याचदा जातो. प्रत्येकाच्या पाकिटात एक चिठ्ठी: धाकट्याचा आणि लेकीचा नंबर, 1077, 112, 101. मोबाइल बंद पडला की पाठ असलेला नंबर कुणाकडंच नसतो, हे 2021 नं दाखवून दिलं होतं.

थोरल्यासाठी नियम कडक केला. शिरोलीत असताना रस्ता बंद झाला, तर पाण्यात गाडी घालायची नाही. पलीकडंच सहकाऱ्याकडं थांबायचं. त्याच्याविना घर हलेल असाच आराखडा हवा होता, म्हणून आक्कांना उचलायला शेजारचे दोघे तरुण ठरवून ठेवले. जिन्यानं वर न्यायचं नाही, पुढच्या दारानं थेट रिक्षात.

राहिला सराव. सराव म्हटलं की आबा हसायचे. पण आषाढात गल्लीची त्र्यंबोली यात्रा असतेच. पंचगंगेचं नवं पाणी घेऊन, पी-ढबाक वाद्यांच्या तालावर सगळे टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीच्या देवळाला, जातात. त्याच दिवशी आक्कांना खुर्चीतून रिक्षात बसवलं, राजारामपुरी, टेंबलाईवाडी असं नेलं आणि देवदर्शन करून पुढं उचगावला जेवायला गेले. तावडे हॉटेलकडचा रस्ता पुरात भरवशाचा नसतो, म्हणून ही वाट. घरातून निघून लेकीच्या दारात पोहोचायला किती वेळ लागतो, खुर्ची रिक्षात मावते का, आक्कांना कुठं दुखतं, सगळं त्यात कळलं. खुर्ची मावत नव्हती.

2024 मध्ये काय झालं

जुलै 2024 च्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेनं पुन्हा 43 ओलांडले. आबांनी सकाळी वहीत आकडा लिहिला, वही मिटली आणि चप्पल शोधायला लागले. आक्का, आबा, नात दुपारच्या आत उचगावला. सून आणि थोरला मागं राहून आवरत होते. थोरल्यानं रजा मागितली, ती मिळाली नाही. त्यानं दुसऱ्या पाळीच्या जागी पहिली पाळी घेतली, म्हणजे रात्री नदीच्या अलीकडं. 45 झाल्यावर दोघांनी कुलूप लावलं.

पातळी 47 च्या वर गेली आणि तिथून उतरू लागली. गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर पाणी साचलं. मोरीत गुरगुर झाली, वास आला, पाणी मात्र वर आलं नाही. चार-पाच दिवसांनी घर जसं सोडलं होतं तसंच सापडलं.

यावर घरात दोन मतं. आबा म्हणाले, "उगंच गेलो, पाणी आलंच नाही." सुनेचं म्हणणं, गल्लीचं तोंड बंद झालं होतं, आक्कांना त्या रात्री काही झालं असतं तर? मी सुनेच्या बाजूचा. पण आबांची तक्रारही झटकून टाकण्यासारखी नाही. सुनेची पतसंस्थेतली रजा गेली, नातीचं कॉलेज बुडालं, लेकीच्या घरात आठ माणसं झाली. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा माणूस हलत नाही. त्यामुळं उचगावला राहण्याचा खर्च धाकट्यानं उचलायचा, असं त्यांनी नंतर ठरवलं. तो कागदावरही लिहिला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक भाडेकरूची. मागच्या खोलीत तेव्हा कर्नाटकातून आलेलं एक जोडपं राहत होतं, दोघंही मजुरीला. कागदावर त्यांचं नावच नव्हतं. संध्याकाळी कामावरून आले तेव्हा मालकाच्या दाराला कुलूप, मेन स्विच बंद. शेजाऱ्यांनी त्यांना निवारा केंद्रात पाठवलं. 2021 ला फ्रिज उचलायला भाडेकरू आठवला होता, हे सुनेनंच नंतर बोलून दाखवलं. आता 43 च्या ओळीत पहिलं वाक्य "मागच्या खोलीत सांगणे" असं आहे आणि त्यांच्या पाकिटातही नंबरांची चिठ्ठी आहे.

दुसरी गोष्ट, हा आराखडा नदीच्या पातळीवर टांगलेला आहे. शहरातच तास-दोन तास ढगफुटीसारखा पाऊस झाला तर जयंती नाला नदीची वाट न बघता भरतो. तेव्हा राजारामवर 30 फूट असले तरी मोरीतून पाणी येऊ शकतं. यासाठी कागदावर अजून काही नाही. निदान मोरीवरच्या वाळूच्या पिशव्या जूनपासूनच भरून ठेवायला हव्यात. 45 पर्यंत थांबायचं कारण नाही.

तिसरी, 48 हा आकडा 2021 चा आहे. आजूबाजूला भराव पडतात, नवी बांधकामं होतात, गटारं बदलतात. किराणावाल्याचं शटर गेल्या वर्षी नवीन झालं आणि जुनी खूण गेली. दर पावसाळ्यात गल्लीच्या तोंडाशी पाणी कधी आलं ते वहीत पातळीसकट लिहिलं, तर आकडा ताजा राहील. आबा हे करतात. फक्त पाणी आलं तेव्हा ते उचगावला असतात. म्हणून ही नोंद आता तालमीतला एक पोरगा मोबाइलवर फोटो काढून करतो.

चौथी, आक्कांना कुणी विचारलं नव्हतं. खुर्चीतून सगळ्या गल्लीसमोर उचलून नेणं त्यांना फार लागलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: 39 लाच, पाऊस उघडला असताना, वॉकर घेऊन मी माझ्या पायानं रिक्षापर्यंत जातो. वेळ लागेल, लागू दे. यात्रेच्या दिवशी रिक्षात न मावलेल्या खुर्चीचा प्रश्नही त्यानं सुटतो.

सध्या घरात वाद चालू आहे तो 43 चा. आबांना तो खोडून 44 करायचा आहे, म्हणजे एखाद्या वर्षी जाणं टळेल. सून तयार नाही. तिनं 22 जुलै 2021 च्या संध्याकाळचे मेसेज छापून वहीत चिकटवलेत, त्यात 43 नंतरचे आकडे किती भराभर बदलले ते दिसतं. आबांनी त्याखाली 2024 चे आकडे लिहिलेत. कागदावर अजून 43 च आहे.